‘ओव्हरटाइम’चं शेवटचं पान

मंगळवारी सकाळी स्वानंदीचा फोन आला तेव्हा सुरेखा देशकर मेथी निवडत होती. फोन ठेवल्यावर तिने देठं पातेल्यात टाकली आणि पानं कचऱ्यात. नरहररावांनी ते पाहिलं, पण अशा वेळी बायकोला काही विचारायचं नसतं, एवढं त्यांना त्रेचाळीस वर्षांच्या संसारात कळलं होतं. त्यांनी पानं गुपचूप वेचून घेतली.

निरोप साधाच होता. सुरेखाच्या अकरा कथा हिंदीत आल्या होत्या, मुद्रितं तपासून झाली होती, शुक्रवारी दुपारी जबलपुरातच, कमानिया गेटजवळच्या प्रेसमध्ये छपाईला सुरुवात होणार होती आणि पुढच्या रविवारी प्रकाशन. पुस्तकाचं नाव ‘ओव्हरटाइम’. स्वानंदी ही इथल्याच एका मराठी घरातली मुलगी. कॉलेजात हिंदी शिकवते, मराठी बोलताना दर तिसऱ्या शब्दाला अडखळते, पण समजतं तिला सगळं आणि हिंदी लिहिते तर देखणी. वर्षभर खपून तिने हे भाषांतर केलं होतं. कुणीही म्हणेल, आनंदाची बातमी. सुरेखाला मात्र ती नको होती.

त्याचं कारण समजायचं तर ती कशी लिहायची ते सांगायला हवं.

नोकरी डिफेन्स फॅक्टरीत, इंडेंट म्हणजे मालमागणीच्या सेक्शनला. कारकून म्हणून चिकटली आणि सुपरिंटेंडंट होऊन निवृत्त झाली. दुपारच्या सुटीत डबा पंधरा मिनिटांत संपवायची आणि रद्द झालेल्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर लिहीत बसायची. असे चार कथासंग्रह झाले, दोन कादंबऱ्या झाल्या. पहिला संग्रह ‘दुसरा भोंगा’. मग रेल्वे कॉलनीवरची ती जाडजूड कादंबरी, जी निम्म्याने कमी असती तर दुप्पट चांगली झाली असती. पुण्या-नागपूरचे समीक्षक तिला महाराष्ट्राबाहेरचा दमदार आवाज वगैरे म्हणत. जबलपुरात तिचं एकही पुस्तक कुठल्या दुकानात मिळत नसे.

आणि हेच तिला सोयीचं होतं. ती लिहायची ती जिवंत माणसांवरून, आणि नावं बदलण्यापलीकडे फारशी तसदी घ्यायची नाही. सेक्शनमधला तोतरा हेडक्लार्क, शेजारची संशयी मास्तरीण, लिव्हरने गेलेला फोरमन, सगळे जसेच्या तसे, त्यांच्या कपड्यांसकट. वाचणार कोण? शहर हिंदी. मराठी घरं पुष्कळ, पण त्यांतली म्हातारी माणसं स्तोत्रांच्या पुस्तकापलीकडे जात नव्हती आणि मुलांना मराठी वाचायचं म्हटलं की पोटात दुखायचं. चाळीस वर्षं ही बाई भर बाजारात मोठ्याने लोकांची गुपितं बोलत होती, आणि कुणाला कळत नाही म्हणून खुशाल होती. लोक तिला सरळ, पापभीरू समजत.

तिच्या समोरच्या टेबलावर शकुन दुबे बसायची. नवरा गेल्यावर सव्विसाव्या वर्षी अनुकंपेवर लागलेली, कडेवर मूल, घरी सासू. सुरेखापेक्षा दोन वर्षांनी मोठी. पहिल्या महिन्यापासून दोघींचं गूळपीठ. सुरेखा लिहायला बसली की शकुन मान वाकडी करून विचारायची, “काय री, मेरे बारे में तो नहीं लिख रही?” सुरेखा म्हणायची, तुझ्याबद्दलच. दोघी हसायच्या. लिपी तीच म्हणून शकुनने एकदा तिची एक गोष्ट वाचायचा प्रयत्नही केला होता. दीड पानावर थांबली आणि म्हणाली, अक्षरं आमची, घर तुमचं, आत कसं शिरायचं.

‘ओव्हरटाइम’ ही कथा खरंच तिच्याबद्दल होती.

त्र्याऐंशी ते सत्त्याऐंशी, चार वर्षं शकुनचं एका माणसावर प्रेम होतं. रविवारी फॅक्टरीत ओव्हरटाइम निघायचा. शकुन सासूला पूर्ण दिवसाचा सांगायची. अर्धा दिवस खरा ओव्हरटाइम, अर्धा दिवस नर्मदेवरचा ग्वारीघाट. हे फक्त सुरेखाला माहीत होतं, कारण शकुनला कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. आणि तो माणूस होता ड्रॉइंग सेक्शनचा मुरलीधर देशकर. नरहररावांचा धाकटा भाऊ, सुरेखाचा सख्खा दीर.

पुढे मुरलीधरचं अमरावतीच्या मुलीशी लग्न झालं. शकुनने एक दिवस रजा घेतली, परत कामावर आली, आणि त्या विषयावर दोघी पुन्हा बोलल्या नाहीत. चार वर्षांनी एका दिवाळी अंकात सुरेखाची ‘ओव्हरटाइम’ आली. नायिकेचं नाव कमल, बाकी सगळं शकुनचं: पोपटी साडी, टेम्पोत पदर दाताखाली धरायची सवय, हसताना तोंडावर हात. नायकाला बंगाली करून टाकलं होतं. इकडे-तिकडे थोडं आणखी बदललं होतं. कथेला बक्षीस मिळालं, ती एका विद्यापीठात अभ्यासक्रमाला लागली. सुरेखाचं जे काही नाव आहे ते या एका कथेवर उभं आहे, हे तिलाही माहीत होतं.

आणि आता ती कथा हिंदीत, शकुनच्या शहरात, शकुनच्या भाषेत. वर शकुनचा आनंद गगनात मावत नव्हता. अखेर आपल्या सुरेखाचं वाचायला मिळणार म्हणून तिने गढा भागातल्या आपल्या सगळ्या गल्लीला आमंत्रणं केली होती. मुलगा आलोक, सून रुचिरा, मंदिराची भजनमंडळी, सगळे येणार होते. त्यांच्यासमोर स्वानंदी ‘ओव्हरटाइम’ वाचणार होती.

सुरेखाने बुधवारी स्वानंदीला फोन करून सांगितलं की ती एक कथा काढ. कारण सांगता येईना, म्हणून म्हणाली, जुनी वाटते. पोरगी बिचारी गोंधळली. “काकू, कव्हर छापून आलंय. पुस्तकाचं नावच ते आहे. अब कैसे निकालूँ?” मग जरा रागानेही म्हणाली की याच कथेसाठी तिने बाकीच्या दहा केल्या. सुरेखाने फोन ठेवला.

नरहरराव वर्तमानपत्रामागून म्हणाले, “तू काहून एवढी घाबरून राहिली? कोणाला काय समजते? ज्याला समजते तो बोलत नाही.”

“शकुनला समजेल.”

“समजेल तर गप्प बसेल. तीही आता सासू आहे. आणि हे बघ, मुरली महाराजपूरहून येणार आहे, वहिनीचं पुस्तक म्हणून पहिल्या रांगेत बसणार आहे. नसती उचापत करू नको.”

म्हणजे शकुनने पहिल्या रांगेतल्या मुरलीधरच्या पाठीकडे बघत स्वतःची गोष्ट ऐकायची आणि गप्प बसायचं, ही यांची व्यवस्था. गुरुवारी दुपारी सुरेखाने पर्समध्ये हिंदी मुद्रितं घातली आणि ऑटो करून गढ्याला गेली.

शकुन ओसरीत उन्हाला पाठ देऊन मटार सोलत बसली होती. डिसेंबरात जबलपुरात दुसरं असतं काय, ज्या घरी जा तिथे मटारचा ढीग. सुरेखाला बघून ती खूश झाली, एक सूप तिच्यापुढे सरकवलं आणि साडी कुठली नेसायची यावर बोलायला लागली. आत रुचिराच्या भांड्यांचा आवाज येत होता. सुरेखाने चार शेंगा सोलल्या. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली की रविवारी जी गोष्ट वाचली जाणार आहे, ती तू आधी ऐकावीस असं मला वाटतं.

“काहे? तब तो सब सुनेंगे ही.”

“म्हणूनच,” सुरेखा मराठीतच बोलून गेली, आणि शकुनला ते समजलं. तिने सुनेला हाक मारून चहा सांगितला, म्हणजे तेवढा वेळ ती आतच राहील.

सुरेखा वाचू लागली. पहिल्याच परिच्छेदात पोपटी साडी आली. शकुनचे हात चालू होते. सासूला मारलेली थाप आली, टेम्पो आला. हात चालू. घाटावरच्या दुसऱ्या पायरीशी शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली. सुरेखाने वर बघायचं टाळलं. ती वाचत राहिली, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू करणं जमलं नसतं. मध्येच रुचिरा चहा घेऊन आली. सुरेखा गपकन थांबली.

“रुक क्यों गई? पढ़,” शकुन म्हणाली. सुनेकडे न बघता तिने कप घेतला. रुचिरा क्षणभर उभी राहिली, दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि आत गेली. यानंतर आत भांड्यांचा आवाज झाला नाही.

कथेचा शेवट असा होता: कमल स्वतःहून त्याला म्हणते, तू जा, माझ्याजवळ माझं मूल आहे, तुझं आयुष्य माझ्या पायी अडवू नकोस. मग टेम्पोत बसते आणि मागे वळून बघत नाही. याच शेवटावर समीक्षक लट्टू होते. कमलचा त्याग, कमलचा त्याग, असं तीन प्रबंधांत आलं आहे. पुरुषाने पळ काढला की बाईच्या नावावर त्याग लिहून टाकायचा, हे फार जुनं कारकुनी काम आहे. सुरेखाने ते सुबक अक्षरात केलं होतं, इतकंच.

वाचन संपलं. शकुनने अर्धी शेंग पूर्ण सोलली, दाणे परातीत टाकले. सुरेखाने वाट बघितली: रडेल, हाकलून देईल, तोंडावर कागद फेकेल. सगळ्याची तयारी तिने ऑटोतच केली होती.

“अच्छा लिखा है,” शकुन म्हणाली. “लेकिन ये औरत कौन है? मैंने कब छोड़ा उसको?”

सुरेखा मुद्रितांच्या कडा जुळवू लागली.

“पेड़ा कहाँ है, सुरेखा?”

याची तयारी तिने केली नव्हती.

खरं झालं होतं ते असं. मुरलीधर शकुनला म्हणाला होता, या रविवारी घरी बोलतो. त्या रविवारी तो अमरावतीला होता. सोमवारी सासूबाईंनी सुरेखाच्या हातात पेढ्यांचा डबा दिला, मुरलीचा साखरपुडा झाला, तुमच्या सेक्शनला वाट. सुरेखाला सगळं माहीत होतं. फॅक्टरीच्या फाटकापासून सेक्शनपर्यंत चालत जायला बारा मिनिटं लागत. त्या बारा मिनिटांत तिला शकुनला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. डबा घरी विसरला म्हणता आलं असतं. तिने काय केलं? दुपारच्या सुटीत हेडक्लार्कपासून सुरुवात केली, ओळीने आली, आणि आपल्या हाताने शकुनच्या तळहातावर पेढा ठेवला. “देवर की सगाई हो गई,” असं सगळ्यांना म्हणत होती तेच तिलाही म्हणाली. घरची सून होती, घरचं काम केलं. आणि गोष्ट लिहायची वेळ आली तेव्हा पेढा नाही, डबा नाही, समोरच्या टेबलावरची मैत्रीणच नाही. नर्मदेचा घाट आणि त्याग.

“शकुन, मी तेव्हा...”

“उसको बचाया, चलो ठीक है। देवर था।” शकुनचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. “खुद को काहे बचाया?”

मग ती बरंच बोलली, मटार सोलता सोलता. गुपित फुटल्याचं तिला फारसं काही नव्हतं. आलोक वर्तमानपत्रातल्या मथळ्यापलीकडे वाचत नाही, तो समारंभातही मोबाइलच बघेल. रुचिरा हुशार आहे, तिला आताच सगळं कळलं असेल, कळू दे. सुनेला सासूचं काहीतरी कळलेलं बरं असतं. एकाहत्तर वर्षं झाली, आता काय लाजायचं. पण तेहेतीस वर्षं मराठी लोक कुठल्या तरी भल्या बाईच्या पाया पडताहेत आणि ती बाई आपण नव्हेच, हे तिला सहन होत नव्हतं. आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. आपण कुणाला सोडलं नव्हतं. आपल्याला सोडलं होतं, आणि कळवलं होतं पेढा देऊन.

“या तो सही छाप, या मेरा कुछ मत छाप,” ती शेवटी म्हणाली. “और जैसा है वैसा छापना हो, तो फिर इस घर मत आना।”

सुरेखा उठली. शकुनने सवयीने सोललेल्या मटारची पिशवी तिच्या हातात दिली, पण दारापर्यंत सोडायला आली नाही.

घरी येऊन सुरेखा तशीच, चपला न काढता, जेवणाच्या टेबलाशी बसली. शुक्रवारी दुपारी छपाई. कथा काढता येत नव्हती, तशीच ठेवता येत नव्हती. उरलं शेवटचं पान. तिच्या लेखनावर जे प्रबंध झाले त्यांना त्या पानाने सुरुंग लागणार होता, मूळ मराठीशी हिंदी जुळणार नव्हतं, आणि पहिल्या रांगेत मुरलीधर आणि त्याची बायको. हे सगळं तिने एकदा मोजून बघितलं. मग लक्षात आलं की यातल्या कशाचीच तिला भीती वाटत नाही. भीती वाटत होती ती त्या मैत्रिणीला कागदावर आणायची, जी हातात डबा घेऊन ओळीने टेबलं करत येते.

दिवेलागणीपर्यंत तिने सात वेळा सुरुवात केली. दर वेळी मैत्रीण थोडी बरी होऊन यायची. एका खर्ड्यात तिचे डोळे भरले होते, फाडला. एकात तिला काही माहीतच नव्हतं. तो फाडून तुकडे केले. आठव्या खर्ड्यात तिने नुसतं लिहिलं की काय झालं. बंगाली नायक त्या मैत्रिणीचा दीर झाला. बारा मिनिटांचा रस्ता लिहिला. हेडक्लार्कपासूनची ओळ लिहिली. कमलचा तळहात लिहिला. दीड पान झालं, त्यात एक विशेषण नव्हतं.

नरहररावांनी ते चष्मा लावून वाचलं, परत वाचलं.

“मुरलीचं तर यात दोन ओळींत आटोपलं,” ते म्हणाले. “यात तूच वाईट दिसून राहिली.”

“दिसू द्या.”

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, “तेव्हा मलाही माहीत होतं. मुरलीनं सांगितलं होतं. मी म्हटलं, आईला कळायच्या आत अमरावतीला जाऊन ये.” सुरेखाने मान वर केली. हे तिला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. “त्याला मी सांगतो. उद्या सकाळीच जातो महाराजपूरला. यायचं तर येईल, नाही तर नाही.”

तिला त्यांच्याशी त्या क्षणी भांडता आलं असतं आणि भांडण पुष्कळ दिवस पुरलं असतं. तिने पान त्यांच्या हातून काढून घेतलं, फोटो काढून स्वानंदीला पाठवलं आणि सांगितलं की सकाळी नऊपर्यंत हिंदी करून दे, प्रेसला कळव की शेवटचं पान बदलतंय. स्वानंदीचं उत्तर पाऊण तासाने आलं. काकू, हे आधी का नाही लिहिलं, एवढंच.

शुक्रवारी अकराला ती पुन्हा गढ्यात. आज ओसरीत शकुन एकटी होती आणि तिने चष्मा आधीच लावून ठेवला होता. सुरेखा वाचून दाखवायला लागली, तर हात पुढे करून म्हणाली, दे इकडे, मला वाचता येतं. हिंदी दीड पान. ती बोट ठेवून वाचत होती, शाळेतल्यासारखी. सुरेखाने या बाईला हजारो फॉर्म तपासताना पाहिलं होतं; चूक सापडली की तिचं बोट थांबायचं. पहिल्या पानावर बोट थांबलं नाही. फाटक, बारा मिनिटं, हेडक्लार्क, सगळ्यावरून पुढे गेलं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर थांबलं.

“ये गलत है।”

सुरेखाने वाकून बघितलं. तिने लिहिलं होतं की कमलने तो पेढा एका रद्द फॉर्मात गुंडाळला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

“असंच झालं होतं. मी बघितलं, तू कागद घेतलास.”

“तूने कागज देखा और अगली टेबल पे चली गई। पीछे मुड़ के देखा था?”

नव्हतं बघितलं.

“मैंने खाया था,” शकुन म्हणाली. “पूरा। उस दिन डिब्बा नहीं लाई थी, मुन्ने को बुखार था। सुबह से भूखी बैठी थी।”

कमानिया गेटच्या प्रेसमधून फोन वाजत होता. सुरेखाने तो बंद केला, पेन काढलं आणि गुंडाळल्याची, ड्रॉवरची अशी दोन्ही वाक्यं खोडली. हिंदीत कथा तिने जन्मात लिहिली नव्हती. समासात लिहिलं: ‘कमल ने पेड़ा खा लिया।’ शकुन चष्म्यावरून बघत होती, मान हलवत होती. मग सुरेखाचं पेन थांबलं. हे विचारायला तिला लाज वाटत होती, आणि विचारल्याशिवाय वाक्य पुरं होत नव्हतं.

“कैसा था?”

शकुनने खरोखर आठवून बघितलं.

“अच्छा था,” ती म्हणाली. “बढ़िया खोवे का। उसी बात का तो गुस्सा आया था।” आणि सुरेखा नुसतीच बघते आहे असं दिसल्यावर तिने बोटाने कागदावर टकटक केलं. “लिख ना। फिर जल्दी निकल, गेट पे जाम लगा रहता है।”

सुरेखाने कागद गुडघ्यावर घेतला आणि लिहिलं.